कॅमेरा घडवणारे हात

सिनेमाचा इतिहास सांगताना आपण नटनट्यांची नावे धडाधड सांगतो. पण पडद्यावरचे चित्र ज्याने टिपले त्याला कोण विचारतो? आणि चित्र टिपणारे यंत्रच ज्याने स्वतःच्या हाताने घडवले, त्याला? सातारा-सांगलीकरांनी तर हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे, कारण या इतिहासाचे एक मोलाचे पान आपल्याच मातीतले आहे.

कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कारागिराच्या घरात झाला. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. चुलतभाऊ आनंदरावांसोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आल्यावर दोघांनी चित्रपट काढायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. तरीही बाबूराव खचले नाहीत. विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ साली स्वदेशी कॅमेरा उभा केला. कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. ज्ञानाची मक्तेदारी मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हा कॅमेरा कुठल्या पदवीने नव्हे, कारागिराच्या बोटांनी आणि एका कलावंत स्त्रीच्या पैशाने चालला!

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ सुरू झाले आणि त्याच फेब्रुवारीत बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यात पडद्यावर आला. एकाने मुक्यांना वाचा दिली, दुसऱ्याने मुक्या चित्राला गती दिली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरून चित्रण केले. तोवर सारी भिस्त सूर्यावर होती.

पण आम्हाला त्यांचे खरे मोठेपण दिसते ते १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये. त्याची कथा नारायण हरी आपटे यांची. आपट्यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा आणि आयुष्य गेले साताऱ्याच्या कोरेगावात. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात मजुरी करायला जातो, अशी ही गोष्ट. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. अंधारातली झोपडी आणि भुंकणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य जे.बी.एच. वाडिया यांच्या मनातून पुढे कधी गेले नाही. देवादिकांच्या चमत्कारांवर पैसा मिळत असताना बाबूरावांनी भिंग वळवले ते कर्जबाजारी माणसाकडे. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जे दुःख शब्दांत मांडले होते, ते आता पडद्यावर दिसले.

तरीही एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. या कथेचा नायक जमीनवाला होता. ज्याच्याकडे गहाण टाकायलाही जमीन नव्हती, त्या गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत मराठी सिनेमाचे भिंग पोहोचायला फार काळ लागला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या पडद्यावर यायला २०१३ साल उजाडावे लागले. असे का? कारण कॅमेरा कोणाकडे बघतो, हे तो कोणाच्या हातात आहे यावर ठरते.

बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी गेले. ‘सावकारी पाश’च्या त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. जो समाज आपली चित्रे जपत नाही, त्याचा इतिहास दुसरेच रंगवतात, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे काय?

आज माण-खटावच्या आणि जतच्या वाड्यावस्त्यांवर पोराच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा आहे. बाबूरावांना त्यासाठी वर्षानुवर्षे घासावे लागले होते. आपल्या मुलामुलींनी त्या भिंगापुढे नुसते नाचू नये. प्रकाश, चौकट, संकलन हे तंत्र शिकावे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि चळवळीतल्या माणसांचे चेहरे टिपून ठेवावेत. कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची संधी कुणी तरी देईल म्हणून वाट पाहू नका; कॅमेऱ्यामागची जागा घ्या!