बाबा चालले समुद्रावर!

तुमच्या बाबांचा रिटायरमेंट प्लॅन काय? माझ्या मित्रमैत्रिणींच्या बाबांचं सगळं ठरलेलं आहे. कोकणात छोटासा प्लॉट, चारधाम, नाहीतर थेट अमेरिकेत नातवंडं सांभाळायला. माझे बाबा पुढच्या वर्षी साठ पूर्ण करतील आणि त्यांना शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला जायचंय. विषय निघाला की आई मिक्सर सुरू करते.

तसे बाबा नवखे नाहीत. वीस वर्षं रविवारची सकाळ खडकवासल्याच्या पाण्यात. बोट 'लेझर' : चार मीटरहून थोडी लांब, एक शीड, एक माणूस. उलटली तर सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करायची आणि पुढे निघायचं. अकरा वाजता ओलेचिंब बाबा मिसळीसाठी घरी हजर! समुद्र म्हणजे मोठ्ठं खडकवासला, असंच मला वाटायचं.

चूक. मुंबई-गोवा अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. ताशी पाच मैल वेग मिळाला, तर न थांबता ४५ तास. म्हणजे दोन रात्री. आणि बाबांनी अंधारात आजवर एकदाही शीड उघडलेलं नाही. धरणात भरती-ओहोटी नसते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. प्रवाह उलटा असला की शीड मस्त फुगलेलं आणि बोट जागच्या जागी. त्यात रात्री मच्छीमारांची जाळी.

म्हणून वर्षभर बाबा वीकेंडला मुंबईत ओळखीच्या एका यॉटवर क्रू म्हणून जातायत. पहिल्याच फेरीत तीन उलट्या. पंचविशीतला स्किपर ओरडतो, "काका, आधी हार्नेस अडकवा!" कंपनीत दोनशे माणसं हाताखाली असलेले बाबा निमूटपणे अडकवतात. नकाशासाठी एक चष्मा, लांबचे लाल-हिरवे दिवे ओळखायला दुसरा, दोन्ही गळ्यात दोरीला. आणखी एक नियम (हसू नका): रात्री लघवीला कडेला उभं राहायचं नाही, तोल गेला की माणूस पाण्यात. साठीच्या पुरुषाला हा प्रश्न रात्रीतून किती वेळा पडतो, हे तुमच्या बाबांना विचारा.

सगळ्यात अवघड निघाली झोप. बोटीवर पाळ्या असतात, तीन तास पहारा, तीन तास झोप. त्याची तालीम बाबा घरी करतात. अकरा ते दोन गॅलरीत खुर्ची टाकून जागे, दोनला आडवे, पाचला परत खुर्चीत. सोसायटीच्या वॉचमननं मला हळूच विचारलं, "घरात काही झालंय का?"

आईला पटवायला बाबांकडे दोन नावं आहेत. दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. आणि जपानचे केनिची होरिए, २०२२ मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी एकट्यानं पॅसिफिक ओलांडणारे. दोंदे नौदलातले अधिकारी होते आणि होरिएंनी पॅसिफिक पहिल्यांदा १९६२ मध्येच ओलांडला होता, हे बाबा सोयीस्करपणे गाळतात. मी आईला सांगून टाकलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात आईनं मिक्सर बंद केला. "अहो, तुमचा फोन नाही आला, तर मी किती वाजता घाबरायचं?"

हार्नेस, नकाशे, गोळ्या, सगळ्याची यादी असलेल्या बाबांकडे या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग दोघं रात्री टेबलाशी बसले. जयगड किती वाजता, मालवण किती वाजता, रेंज कुठे मिळेल, कुठे जाईल. ठरलेल्या वेळेनंतर सहा तास वाट बघायची आणि मग कोस्ट गार्डला फोन करायचा, नंबर १५५४. आईनं सहाचे चार केले. बाबा म्हणाले, वारा पडला तर चार तास उशीर सहज होतो. आई म्हणाली, "मग वारा पडलाय असं मी कोस्ट गार्डला सांगीन."

कागद आता फ्रिजवर आहे. खाडाखोड करून साडेचार तास. तारखेच्या जागी आईच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय : दिवाळीनंतर बघू.