पासपोर्टची रांग: गर्दी ओसरली तरी उशीर का ओसरत नाही?

मागच्या महिन्यात मोखाड्याच्या एका मित्राचा मेसेज आला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशातल्या समर स्कूलला निवड झाली, पण पासपोर्ट नाही आणि जवळची अपॉइंटमेंट मिळेना. "सुट्ट्या संपल्या की गर्दी कमी होईल ना रे?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण पीएचडीला लागू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी लागणार.

गर्दी कमी होईल. रांग लगेच कमी होणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोपं गणित करू, आकडे मनानेच धरलेले. एका केंद्रात दिवसाला 100 स्लॉट आहेत. गर्दीच्या काळात रोज 120 जण अर्ज करतात. कामाच्या 60 दिवसांत 1200 जण मागे राहिले, म्हणजे नव्याने येणाऱ्याला 12 दिवस जास्तीचे थांबणं आलं. आता गर्दी सरली आणि रोज 95 जण येऊ लागले. रोज फक्त 5 जागा मोकळ्या. 1200 चा ढीग उपसायला 240 कामाचे दिवस लागतील, आठवड्याचे पाच धरले तर जवळजवळ वर्ष! रांगेतली माणसं, त्यांचा दर आणि थांबण्याचा वेळ यांचं नातं जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं. संख्याशास्त्राच्या वर्गात आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

याच गणितात आठवड्याला एक शनिवार वाढवून बघा. आठवड्याला 25 ऐवजी 125 जण निघतात आणि ढीग दहा आठवड्यांत संपतो. कोविडनंतर मागणी उसळली तेव्हा 2022 च्या अखेरीस पासपोर्ट कार्यालयांनी शनिवारी खास मोहिमा घेतल्या त्या यासाठीच. अशा मोहिमांच्या बातमीवर लक्ष ठेवा.

आता आपल्या भागाचं. 2018 पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. पत्ता पालघर जिल्ह्यातला म्हणून मुंबई-ठाण्याच्याच तारखा बघत बसायची गरज नाही. मोखाड्याहून तर जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नाशिक जवळ, त्र्यंबकेश्वरवरून सरळ. जव्हारवाल्यांनीही तिथल्या तारखा बघाव्यात. टपाल कार्यालयांतली केंद्रंही बघा. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोदपासून ती सुरू झाली, आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. मिळालेली तारीख बदलता येते, पण मोजक्याच वेळा. त्यामुळे आधी जी मिळेल ती घ्या, मग पुढे-मागे करा.

पण खरा घोळ अपॉइंटमेंटच्या पुढे असतो. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस 1 जून आहे? आश्रमशाळेत माझ्या वर्गात तर अर्धी बाकं त्याच दिवशी जन्मली होती, गुरुजींच्या कृपेने. आणि आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं तर तिथे 1 जानेवारी लागलेली. दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. खिडकीवरचा माणूस हे बघून अर्ज थांबवतो, आणि दुरुस्ती करून परत यायचं म्हणजे पुन्हा तारीख शोधणं आलं. नावाचंही तेच: कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही, कुठे आडनाव आधी. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन हे चार कागद आज रात्री शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधारची दुरुस्ती आधी, फॉर्म नंतर.

पोलिस पडताळणी ही आणखी वेगळी रांग. इथे चूक माझी होती. राहायचो हॉस्टेलवर, फॉर्ममध्ये पत्ता दिला गावचा, कारण आधारवर तोच होता. पोलिस घरी आले तेव्हा मी प्रयोगशाळेत. आईने सांगितलं, "पोरगा शिकायला गेलाय." प्रामाणिक उत्तर, पण मी त्या पत्त्यावर राहत नाही हे तिनेच सांगून टाकलं! पुन्हा सगळं करताना सात आठवडे गेले आणि ज्या परिषदेत पोस्टर लावायचं होतं ते माझ्या गाइडच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने लावलं. खरोखर जिथे राहता तोच पत्ता द्या, आणि त्याचा पुरावा आधी तयार करा. वर्षभरात जागा बदलली असेल तर आधीचा पत्ताही लपवू नका.

तत्काळचं विचारतात बरेच जण. 1500 च्या जागी 3500 रुपये लागतात, पडताळणी बहुतेक वेळा पासपोर्ट दिल्यानंतर होते. पण जन्मतारीख जुळत नसेल तर तत्काळवालाही तिथेच अडकतो.

आणि मुख्य म्हणजे, प्रौढांचा पासपोर्ट 10 वर्षं चालतो. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, काहीच घाई नसताना काढलेला पासपोर्ट पीएचडी संपेपर्यंत पुरतो. मित्राला अखेर नाशिकची तारीख मिळाली, पुढच्या मंगळवारची. मार्कशीट आणि आधार घेऊन तो रविवारी जव्हारला माझ्याकडे येतोय, आधी जुळवून बघायला.