रुपेरी वाटेवर एकटाच!

“एकटेच?”

पुण्याहून निघण्याआधीच्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की, समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच मी “हो, एकटाच” म्हणू लागलो. स्पेनला जाणार याचे कोणाला विशेष वाटले नाही. हल्ली शेजारीपाजारी कोणी ना कोणी युरोपला जाऊन आलेले असतेच. सायकलवरून जाणार, हेही एक वेळ खपले असते. ज्या गावाला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तिथे जन्म काढलेला माणूस दुसरे काय करणार? पण बँकेतून निवृत्त झालेल्या एकसष्ट वर्षांच्या गृहस्थाने, घरी सौभाग्यवती असताना, एकट्याने जावे हे कोणाच्या पचनी पडेना. आमच्या सौ.ने मात्र एका वाक्यात निकाल दिला, “मला सायकल चालवायची नाही आणि तुम्हाला चालवताना बघायचंही नाही, तुम्ही जा.” आई चौऱ्याऐंशीची. तिने एवढेच विचारले, “तिथं वाटेत पाण्याची सोय असते ना रे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याची किंमत मला पुढे कळली.

2023च्या जून महिन्यात सेव्हिल शहरातून मी निघालो. दक्षिणेतल्या सेव्हिलहून सरळ उत्तरेला आस्तोर्गापर्यंत, सुमारे सातशे किलोमीटर. या वाटेला तिथे ‘विया दे ला प्लाता’ म्हणतात. प्लाता म्हणजे चांदी. नाव ऐकून वाटते की इथून चांदीच्या गोण्या वाहून नेत असतील. पण जाणकार सांगतात की चांदीचा इथे संबंध नाही, फरसबंद रस्त्याला असलेल्या एका अरबी शब्दाचा हा अपभ्रंश असावा. रोमन लोकांनी मेरिदा आणि आस्तोर्गा ही आपली दोन ठाणी जोडण्यासाठी बांधलेला हा रस्ता. पुढे त्याच्याच जवळून आगगाडी गेली. मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 630 झाला. आणि अलीकडे त्या महामार्गाला खेटून नवा, रुंद, दुपदरी द्रुतमार्ग झाला. रोमन रस्ता मोडला, आगगाडी बंद पडली, जुन्या महामार्गावरची वाहतूक द्रुतमार्गाने पळवली. या टाकून दिलेल्या वाटा सायकलवाल्यासाठी मोकळ्या झाल्या! तासन् तास एक मोटार दिसत नाही. दिसलीच, तर कायद्याप्रमाणे ती सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जाते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक मोटारवाल्याला हात करून आभार मानत होतो. दुसऱ्या दिवशी ते बंद केले. नाही तर हॅन्डल सोडण्यातच पडलो असतो.

स्पेन म्हटले की आपल्याला बैलांच्या झुंजी आणि झगेवाल्या नर्तकी आठवतात. सायकलस्वाराला आठवतो तो चढ. या देशाची सरासरी उंचीच साडेसहाशे मीटरच्या घरात आहे. सेव्हिल सोडले की मोनेस्तेरियोपर्यंत रस्ता चढतच राहतो. दर वळणावर मी बहामोंतेसचे स्मरण करीत होतो. तोलेदोकडचा हा गडी तरुणपणी सायकलवरून माल वाहायचा आणि 1959 साली फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत जिंकणारा पहिला स्पॅनिश माणूस ठरला. चढावर त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. उताराला मात्र तो भ्यायचा. एकदा सगळ्यांच्या आधी घाटमाथ्यावर पोहोचून, बाकीचे येईपर्यंत तो आइस्क्रीम खात बसला, असे सांगतात. मी माथ्यावर पोहोचलो तेव्हा बाकीचे कोणी नव्हतेच. आइस्क्रीम मात्र खाल्ले.

पुढे एस्त्रेमादुरा हा प्रांत लागतो. ओकची सदाहरित झाडे लांब लांब अंतरावर पसरलेली, खाली पिवळे पडलेले गवत आणि त्यात काळी डुकरे. हिवाळ्यात झाडांची फळे खाऊन ती लठ्ठ होतात आणि मग त्यांचे जे होते त्याची इथे सर्वत्र दुकाने आहेत. मी शाकाहारी असल्याने माझे पोट पाव, टोमॅटो आणि ऑलिव्हचे तेल यांवर चालले. एका खाणावळीत मात्र समोर आलेली बशी पाहून मी दचकलो. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, लाल तिखट, तेलात परतलेला. आपली फोडणीची पोळीच की हो! ‘मिगास’ म्हणतात. “डुकराचे तुकडे नकोत,” हे समजावताना माझे सगळे स्पॅनिश खर्ची पडले. टेबलाला ‘मेसा’, साबणाला ‘खाबोन’, अंगातल्या सदऱ्याला ‘कामिसा’. यांतले मेज, साबण, कमीज शेजाऱ्यांसारखे ओळखीचे वाटतात. पण तेवढ्या भांडवलावर संसार होत नाही.

मेरिदात शिरताना ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल लागतो, साठ कमानींचा. त्यावरून मी सायकल हातात धरून चाललो. भक्तीने नव्हे, मागच्या चाकाची एक तार तुटली होती आणि चाक डुलत होते. नेमकी दातेरी चक्राच्या बाजूची तार! ती बदलायची तर चक्रे उतरवावी लागतात. दुकानदाराने अर्ध्या तासात नवी तार घातली, चाकाचा आऊट काढला आणि पैसे चोख मोजून घेतले. त्या संध्याकाळी उंच जलवाहिनीच्या पडक्या खांबांवर करकोचे घरटी करून बसलेले पाहिले. खाली दोन हजार वर्षांपूर्वीचे नाट्यगृह आहे आणि 1933पासून तिथे उन्हाळ्यात नाटकांचा महोत्सव भरतो. एवढ्यावर मेरिदा सोडतो. तिथल्या दगडांवर पुस्तके पुष्कळ आहेत.

आता ती दुपार. चूक सर्वस्वी माझी होती. आदल्या रात्री कासेरेसच्या चौकात लहान मुलांसकट सगळे गाव बारा वाजेपर्यंत गप्पा मारीत बसले होते आणि मीही त्यांच्यात बसलो. सूर्यच मावळला दहाच्या सुमाराला! सकाळी उठायला उशीर झाला. साडेदहाला निघालो तेव्हा मनाशी म्हटले, अजून ऊन कोवळे आहे. ते कोवळे का होते, ते नंतर उमगले. 1940 साली फ्रांकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती आजवर तशीच आहेत. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे या पश्चिम भागात घड्याळात अडीच वाजतात तेव्हा डोक्यावर खरे बारा वाजलेले असतात. साडेदहाचे ऊन म्हणजे खरे तर आठचे. मी घड्याळाच्या भरवशावर निघालो आणि भर मध्यान्हीला उघड्या माळावर सापडलो.

वाटेत अल्कांतारा धरणाचा अफाट जलाशय. निळेशार पाणी डोळ्यांसमोर, आणि तोंडाला कोरड. दोन्ही बाटल्या संपल्या होत्या. काठावर एका रोमन पुलाच्या कमानी उभ्या आहेत. धरण होताना तो बुडू नये म्हणून दगड न् दगड हलवून इथे आणून बांधला. दगडांचे पुनर्वसन मोठ्या आस्थेने करतात, असे मनात आले आणि ते वाक्य पुढे दोन दिवस डोक्यातून गेले नाही. रस्त्याच्या कडेला एक खाणावळ दिसली. धावत गेलो. दाराला कुलूप, पाटीवरची अक्षरे उन्हाने उडालेली, अंगणातला नळ कोरडा. मोटारी द्रुतमार्गाने गेल्या, त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही गेले असणार. निर्मनुष्य रस्त्याचे सकाळपासून मी जे कौतुक करीत होतो, त्याची ही दुसरी बाजू होती. मला घाम यायचा थांबला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. त्या क्षणी “एकटेच?” म्हणणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मला स्पष्ट दिसला.

एका ओकच्या सावलीत किती वेळ पडलो, कोण जाणे. मग सायकल ढकलीत, थांबत, पहिले गाव गाठले. पांढरी घरे, सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. इतक्यात एक पडदा वीतभर वर झाला, दार उघडले आणि काळ्या पोशाखातल्या एका म्हातारबाईंनी मला दंडाला धरून आत ओढले. कोण, कुठला, काही विचारले नाही. काळोख्या, गार ओसरीत बसवले आणि कोपऱ्यातला मातीचा मोगा माझ्या हाती दिला. वर कान, एका बाजूला भरायचे तोंड, दुसऱ्या बाजूला बारीक तोटी. याला ‘बोतिखो’ म्हणतात. माठासारखाच तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. तोटीला तोंड लावायचे नसते, वरून धार धरायची. परदेशी माणसाची इथे फटफजिती होते म्हणे. मी मान मागे टाकली आणि घटाघटा प्यायलो, एक थेंब न सांडता. लहानपणी उष्टे केल्याबद्दल खाल्लेले धपाटे असे कामी आले! बाईंनी गालावर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून कोणाला तरी मोठ्याने हाक मारली. आत कोणी नव्हते. हाक मारायची सवय राहिली होती.

मग त्यांनी मला रागे भरले. शब्द कळले नाहीत, पण आई रागावते तेव्हाही मी शब्द ऐकत नाही. शेवटी त्यांनी सहा बोटे माझ्या नाकासमोर धरली. उद्या सहाला निघायचे! त्या दिवसापासून आस्तोर्गापर्यंत मी सहाला निघालो आणि बाराच्या आत मुक्कामाला पोहोचलो.

दोन दिवसांनी मी वाकडी वाट करून ग्रानादियाला गेलो. सुप्रसिद्ध ग्रानादा नव्हे. हे तटबंदीचे एक छोटे गाव आहे, वेशीला किल्ल्याचा बुरूज, आत चौक आणि देऊळ. 1955 साली सरकारने ठरवले की इथे धरण बांधायचे आणि हे सगळे पाण्याखाली जाणार. शेते बुडाली. लोक एकेक करून गेले. 1964पर्यंत गाव रिकामे झाले. जलाशयाला नाव मात्र याच मुलखात राहिलेल्या एका कवीचे दिले, गाब्रिएल इ गालान. आणि पाणी? ते तटाच्या पायथ्याशी तीन बाजूंनी येऊन थांबले. गाव टेकाडावर आहे. ते कधी बुडलेच नाही.

आईचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. शिवसागर भरला तेव्हा ते पाण्याखाली गेले आणि मामांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जमीन मिळाली. मी पाळण्यात होतो. माझे आजोळ मी पाहिलेले नाही. ग्रानादियाच्या चौकात उभा राहून मी घरी मोबाइल लावला. इथे अकरा, पुण्यात अडीच. आईला चित्र दाखवत गावभर फिरलो.

“कुठलं रे हे गाव?”

“धरणात उठवलेलं. तुमच्याच वेळचं.”

“पण हे तर दिसतंय. पाणी कुठं आहे?”

“पाणी गावापर्यंत आलंच नाही, आई.”

बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटले, संपर्क तुटला.

“मग परत का नाही आले?”

परत येऊन राहायची त्यांना परवानगीच मिळाली नाही, असे मी सांगितले. 1984पासून विद्यार्थी येऊन घरे दुरुस्त करतात, पण गावकरी जमतात ते वर्षातून दोनदा: पंधरा ऑगस्टला, मेरीच्या सणाला, आणि एक नोव्हेंबरला, आपल्या पितरांसाठी.

“दोनदा तरी येतात,” आई म्हणाली. “एखादं दार दाखव बघू. जवळून.”

मी एका बंद दारापाशी मोबाइल धरला.

“उंबरा उंच आहे,” ती म्हणाली, आणि मग, “जेवलास का?”

तिथून पुढचा प्रवास सुखाचा झाला. 1985 साली बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावर काही टप्प्यांत सायकलसाठी वाट केली आहे. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून मलाही सोसावा लागला नाही. एर्वासच्या पुढे डोंगरातून मी गुणगुणत गेलो. सालामांकात 1218 सालचे विद्यापीठ पाहिले, त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीव कामात लपलेला बेडूक शोधून शोधून मान दुखवून घेतली. यात्रेकरूंच्या धर्मशाळांत पायी येणाऱ्यांना आधी जागा देतात, सायकलवाल्यांना नंतर, त्यामुळे दोनदा खाटेसाठी तिष्ठावे लागले. चौदाव्या दिवशी आस्तोर्गा.

थामोराच्या बाजारात मी एक बोतिखो घेतला होता. कपड्यांत गुंडाळून कॅरियरच्या पिशवीतून तो सुखरूप आस्तोर्गाला आला. विमानात मात्र त्याचा कान तुटला. पाणी उत्तम गार होते. तो आईच्या पलंगाजवळ असतो. दुपारी झोप झाली की ती तो दोन्ही हातांनी उचलते आणि वरून धार धरते. मी जवळ असलो तरी मला हात लावू देत नाही.