यंत्राला गोल्टी ओळखायला शिकवू या!

नाशिक जिल्ह्यातील विंचूर येथे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. लिलावासाठी कांदा आला की जाणकार माणूस ढिगावर एक नजर टाकतो आणि म्हणतो, "यात गोल्टी फार आहे." गोल्टी म्हणजे लहान कांदा; त्याला भाव कमी. ही पारख संगणकाला शिकविता येईल का? येईल. या विद्येला यंत्रशिक्षण म्हणतात. मग विंचूरच्या शाळेतील मुलाला ही विद्या घरबसल्या शिकता येईल का? हा प्रश्न अधिक अवघड आहे.

आधी एक प्रयोग करू. त्याला संगणक लागत नाही! लहानमोठे ६० कांदे घ्या व त्यांना क्रमांक द्या. घरातील जाणकारांना विचारून प्रत्येक कांद्यापुढे 'गोल्टी' किंवा 'मोठा' असे वहीत लिहा. दोरा फिरवून प्रत्येकाचा घेर मोजा. आता ४० कांद्यांची नोंद उत्तरांसह एका मित्राला द्या. उरलेल्या २० कांद्यांची उत्तरे लपवून ठेवा.

हा मित्र म्हणजे आपले यंत्र. त्याने घेराची एक सीमा निवडावी. त्याहून लहान ती गोल्टी. समजा, १३ सें.मी. सीमा धरली तर ७ चुका होतात, १४ धरली तर २ आणि १५ धरली तर ६. मग १४ हीच सीमा बरी, नाही का? चुका मोजायच्या, सीमा सरकवायची, पुन्हा मोजायच्या. यंत्राचे शिकणे ते हेच! मोठ्या यंत्रांत एका सीमेऐवजी लक्षावधी आकडे असे थोडे थोडे सरकविले जातात. शेवटी लपविलेल्या २० कांद्यांवर परीक्षा घ्या. आधी पाहिलेल्या कांद्यांवरच परीक्षा घेणे म्हणजे फुटलेली प्रश्नपत्रिका सोडविणे.

आता गंमत पहा. तोच कांदा आजोबा गोल्टी म्हणतात, तर काका म्हणतात मोठा. मग यंत्राने कोणाचे ऐकावे? चर्चा करून आधी माणसांचे एकमत व्हावे लागते. शिवाय छायाचित्रांवरून शिकणाऱ्या यंत्राला केवळ लाल कांदा दाखविला, तर उन्हाळ कांदा समोर येताच ते चुकू शकते. यंत्राची ही चूक शेतकऱ्याच्या पट्टीत उतरेल!

म्हणूनच ही विद्या नुसती ऐकून येत नाही. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू इंग यांनी आपला यंत्रशिक्षणाचा वर्ग इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. उत्तीर्ण झाले सुमारे १३ हजार. नाव नोंदविणे सोपे, टिकून राहणे कठीण!

टिकायचे कसे? आपल्याकडील एक उदाहरण पाहा. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक असताना कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात संगणकाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. पडद्यावरचा मजकूर इंग्रजी राहतो, पण निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. धडा मध्येच थांबवायचा आणि तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहायची. शंका विचारताना धड्यातील नेमके मिनिटही सांगता येते. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला अडचण चटकन कळते.

तर मित्रांनो, यंत्रशिक्षणाची इंटरनेटवरील शाळा तुम्हांला उभारायची झाली, तर ती कशी असावी? धडा लहान असावा. धड्यापाठोपाठ हाताला काम असावे आणि चूक लगेच कळावी. उदाहरणे गावची असावीत. शिवाय एकाने विंचूरचा कांदा, दुसऱ्याने सोलापूरचे डाळिंब, तिसऱ्याने रत्नागिरीचा आंबा मोजून नोंदी एकत्र ठेवाव्यात. परस्परांच्या नोंदी तपासाव्यात आणि मतभेद झाल्यास खुलेपणाने बोलावे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. दोन गट पाडा, दोघांना वेगवेगळे ४० कांदे द्या. दोन्ही 'यंत्रां'ची सीमा एकच येते का? येत नसेल, तर का? उत्तर शोधताना तुमचा वर्गच यंत्रशिक्षणाची पहिली शाळा झालेला असेल!