सोपा बॉल का हुकतो? पूलच्या टेबलावर लक्ष टिकवायची गोष्ट

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकून झालं असेल तर उजळणी म्हणून वाचा, आणि एसटीच्या खडखडाटात काही ऐकू येत नसेल तर ऐकण्याऐवजी वाचा.

आजचा विषय पूल. तुमच्यापैकी कुणी बीडमधून ऐकतंय, कुणी अंबाजोगाई-गेवराईकडून, तर कुणी शिकायला पुण्याला किंवा संभाजीनगरला गेलंय आणि तिथंच पहिल्यांदा क्यू हातात धरलाय. कुठंही खेळा, एक गोष्ट सगळीकडे सारखी. अवघड बॉल हुकला तर कुणी काही म्हणत नाही. पॉकेटच्या तोंडावरचा बॉल हुकला की सगळे एकदम "अरेरे!" करतात.

आणि हे नुसतं हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. समजा, एट बॉलमध्ये तुमचे सातही बॉल गेलेत. उरलाय फक्त काळा आठ नंबर, तोही पॉकेटजवळ. तो हुकला तर समोरचा खेळाडू टेबल साफ करून मोकळा होतो. काळा गेला पण त्याच्या मागोमाग पांढराही पॉकेटमध्ये गेला, तर हातातली गेम गेली. "हरेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे" असं ठरलेलं असेल तर भाडं तुमच्या खिशातून जाणार. घरून महिन्याला मोजून पैसे येणाऱ्या पोराला ते चांगलंच जाणवतं.

मग प्रश्न असा, की जो बॉल आपण एरवी डोळे झाकून घालतो, तो नेमका वेळेला का हुकतो?

"सोपा" म्हणजे नक्की किती सोपा?

आधी थोडा हिशेब करू. ढोबळच आहे, घाबरू नका.

पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण 114 मिलिमीटर, म्हणजे बॉलच्या दुप्पट. टेबलागणिक यात थोडा फरक पडतो. आता समजा बॉल पॉकेटपासून एक फुटावर आहे आणि शॉट एकदम सरळ आहे. बॉल अगदी मधोमध गेला नाही, डावीकडे किंवा उजवीकडे 28 मिलिमीटर सरकला, तरी तो आत जाणार. कोनात सांगायचं तर दोन्ही बाजूंना पाच अंशांची सूट. भरपूर वाटते ना?

पण थांबा. तुम्ही त्या बॉलला मारतच नाही. तुम्ही मारता पांढऱ्याला, आणि पांढरा आहे त्याच्यापासून दोन फुटांवर. पांढऱ्याची दिशा जराशी चुकली की तो समोरच्या बॉलला मधोमध लागण्याऐवजी बाजूला लागतो. गोल वस्तूला बाजूला धक्का बसला की ती भलतीकडेच पळते. दोन फूट अंतर असेल तर पांढऱ्याची चूक पुढच्या बॉलमध्ये जवळपास दहापट होते. म्हणजे ती पाच अंशांची सूट तुमच्या क्यूपर्यंत येईतो अर्ध्या अंशावर आलेली असते.

अर्धा अंश म्हणजे किती? क्यू ज्यावर टेकवला तो पुढचा हात आणि क्यू धरलेला मागचा हात, यांच्यात साधारण एक मीटर अंतर धरा. मागचा हात नऊ-दहा मिलिमीटर बाजूला गेला की सूट संपली. करंगळीच्या जाडीएवढी चूक, आणि सोपा बॉल बाहेर.

कॅरम खेळून मोठं झालेल्यांना हे नवीन नाही. भोकाच्या तोंडावरची सोंगटी घाईत मारली की सोंगटी तिथंच राहते आणि स्ट्रायकर आत जातो.

तर पहिली गोष्ट ही. हात थोडाफार हलेल म्हणून ती सूट आहे. लक्षच नसेल तर ती पुरत नाही.

मन कुठं जातं?

अवघड शॉट आला की आपण आपोआप सावध होतो. टेबलाला चक्कर मारतो, वाकून बघतो, चॉक लावतो. सोपा शॉट आला की यातलं काहीच करत नाही. मनानं तो बॉल आधीच घातलेला असतो. मन पुढच्या बॉलवर गेलेलं असतं, नाहीतर थेट जिंकण्यावर. हात मात्र अजून या बॉलवर असतो.

हे नवख्यांचंच होतं असं समजू नका. 2 मे 1994, इंग्लंडमधलं शेफिल्ड, स्नूकरच्या जागतिक स्पर्धेची फायनल. एका बाजूला स्टीफन हेंड्री, दुसऱ्या बाजूला जिमी व्हाइट. त्या दिवशी व्हाइटचा वाढदिवस होता. त्याआधी तो पाच फायनल हरलेला होता. स्कोअर 17-17, शेवटची फ्रेम. व्हाइट 37-24 असा पुढे होता आणि समोर काळा बॉल, आपल्या ठरलेल्या जागेवर. व्यावसायिक खेळाडू सरावात असे बॉल शेकड्यानं घालतात. तो हुकला. हेंड्रीनं त्याच संधीत 58 गुण काढले आणि 18-17 नं किताब नेला. जिमी व्हाइटला व्यावसायिक जागतिक विजेतेपद पुढे कधीच मिळालं नाही.

त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण नजरेचं काय होतं, यावर शास्त्रज्ञांनी काम केलंय. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी 1990च्या दशकात "शांत नजर" ही कल्पना मांडली. शेवटची हालचाल सुरू व्हायच्या आधी खेळाडूची नजर लक्ष्यावर स्थिर थांबते, ती ही शांत नजर. 2002 मध्ये बिलियर्ड्स खेळणाऱ्या 24 जणांवर याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 12 तरबेज होते आणि 12 कच्चे. तरबेज खेळाडूंची नजर जास्त वेळ थांबत होती. यशस्वी शॉटच्या आधी ती हुकलेल्या शॉटपेक्षा जास्त वेळ थांबलेली होती. आणि शॉट जितका अवघड, तितकी नजर जास्त थांबत होती.

आता हीच शेवटची गोष्ट उलटी करून बघा. शॉट सोपा असला की आपण नजर कमी वेळ देतो. "घालतोय की!" म्हणून बॉल पडायच्या आधीच मान वर. मान उचलली की खांदा उचलतो, खांद्याबरोबर हात हलतो, आणि ती करंगळीएवढी सूट तिथंच संपते.

बघ्यांचं काय करायचं?

पार्लरमध्ये टेबलाभोवती चार जण उभे असतातच. अमेरिकेत 1982 मध्ये पूल खेळणाऱ्यांवर एक छोटा अभ्यास झाला. आधी खेळाडूंना लांबून, त्यांच्या नकळत पाहिलं. मग चार जण टेबलाजवळ येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी शॉट 71 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे 36 वरून 25 वर आले.

अभ्यास लहान होता, त्यामुळे आकडे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण त्यातून घेण्यासारखं आहे. जी गोष्ट अंगात मुरलेली आहे, ती लोकांसमोर आणखी नीट होते. जी अजून कच्ची आहे, ती लोकांसमोर बिघडते. बघ्यांना हाकलता येत नाही, पण आपली पद्धत मुरवता येते.

मग करायचं काय?

सोप्या आणि अवघड, दोन्ही शॉटला पद्धत एकच ठेवायची. ती अशी.

एक, सगळे निर्णय उभं राहून घ्या. कुठला बॉल, कुठलं पॉकेट, पांढरा कुठं थांबवायचा, जोर किती. वाकल्यावर विचार बदलायचा नाही. बदलावासा वाटला तर सरळ उभे राहा आणि पहिल्यापासून सुरू करा. मित्र हसले तर हसू द्या.

दोन, चॉक लावा. टीपला लागतोच, पण त्या तीन सेकंदांत श्वासही जागेवर येतो.

तीन, वाकल्यावर क्यू दोन-तीन वेळा पुढे-मागे करा, मग क्षणभर थांबा. त्या थांबण्यात नजर समोरच्या बॉलच्या त्या एका बिंदूवर ठेवा, जिथं पांढरा लागायला हवा. मनात "एक, दोन" म्हणा आणि मग मारा.

चार, बॉल पडल्याचा आवाज येईपर्यंत वाकलेलेच राहा. एवढी एकच सवय लावली तरी आठवड्यात फरक जाणवेल.

पाच, सोप्या बॉलवर शायनिंग नको. जोरात मारलेला बॉल पॉकेटच्या कडेला लागून बाहेर उडतो. तोच बॉल हळू आला तर कडेला घासूनही आत पडतो. तसंच पांढऱ्याला उगाच डाव्या-उजव्या बाजूला मारू नका. बाजूला मारलं की पांढरा क्यूच्या रेषेत जात नाही, थोडा सटकतो. पुढच्या बॉलसाठी गरज नसेल तर मधोमध मारा.

आणि हे सगळं करूनही हुकला तर? हुकणारच कधीतरी. त्या वेळी क्यू आपटायचा नाही, टेबलाला दोष द्यायचा नाही. खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. या पाचपैकी काय राहिलं? उत्तर मिळालं की विषय संपला. एका हुकलेल्या बॉलचा राग पुढच्या शॉटवर नेला की एकाचे दोन होतात.

सराव कसा करायचा?

बहुतेक पोरं सराव म्हणजे लांबचे, अवघड, व्हिडिओत बघितलेले शॉट मारतात. थोडं उलटं करून बघा. पॉकेटपासून एक फुटावर बॉल ठेवा, पांढरा दोन फूट मागे. सलग दहा घालायचे, प्रत्येक वेळी पूर्ण पद्धत पाळून. सातवा हुकला तर पुन्हा एकपासून. आठव्या-नवव्या बॉलला छातीत थोडी धडधड होईल. तीच हवीय, मॅचमध्ये होते ती हीच. टेबलाचं भाडं जास्त असेल तर घरी कॅरमवर तोंडावरच्या दहा सोंगट्या सलग घ्या. हात वेगळा, पण मनाला शिकवण तीच.

मुंबईचे मायकेल फरेरा बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेते होते. 1978च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकाच खेळीत 1149 गुण केले. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला बहुतेकदा दोन किंवा तीन गुण मिळतात. म्हणजे शेकडो फटके सलग, आणि त्यातले कितीतरी जवळचे, साधे. पण एक जरी हुकला तरी खेळी तिथंच संपते. मोठी खेळी म्हणजे सोपे शॉट न हुकवणं.

खेळ वेगळा, पण आपल्या बीडचा सचिन धस आठवा. 6 फेब्रुवारी 2024, दक्षिण आफ्रिकेत 19 वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमी फायनल. लक्ष्य 245, आणि भारत 4 बाद 32. अजून 213 धावा हव्या होत्या, आणि त्या एका चेंडूवर होणार नव्हत्या. धसनं 95 चेंडूंत 96 धावा केल्या, कॅप्टन उदय सहारनबरोबर 171ची भागीदारी केली, आणि भारतानं 2 गडी राखून सामना जिंकला. आला तो चेंडू खेळायचा, मग पुढचा.

तर मंडळी, या आठवड्यात टेबलावर गेलात की आवाज येईपर्यंत मान खाली ठेवून बघा, आणि सलग किती गेले ते व्हॉइस नोटवर कळवा. खरा आकडा सांगा बरं का! भेटू पुढच्या भागात.