किलीफिशच्या प्रजननासाठी पीटची निवड व पूर्वतयारी : मंडईतील नारळाच्या भुशाचा पर्याय

प्रस्तावना : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील विच्छेदन कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. तेव्हापासून जिवंत प्राण्यास इजा न करता गर्भविकास कसा दाखवावा, हा प्रश्न अध्यापकांसमोर आहे. किलीफिश या लहान माशांची सुमारे एक मिलिमीटर व्यासाची पारदर्शक अंडी या दृष्टीने उपयुक्त ठरतात. (नावातील ‘किल’ हा ओढा या अर्थाचा डच शब्द असून त्याचा मारण्याशी संबंध नाही.)

पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियस प्रजातीचे मासे पावसाळी डबक्यांत राहतात. डबके आटले की मासे मरतात. मात्र तळाच्या चिखलातील अंडी विकास थांबवून पुढील पावसापर्यंत तग धरतात. मत्स्यपेटीत या चिखलाची जागा पीट घेते. त्याने तीन कामे करावीत अशी अपेक्षा असते : ओलावा धरणे, हवा खेळती ठेवणे आणि बुरशीस आवर घालणे. या तीन कसोट्या ध्यानात घेतल्यास निवड सोपी होते.

पीट म्हणजे थंड प्रदेशातील दलदलीत अर्धवट कुजलेले शेवाळ होय. ते अतिशय सावकाश साठते आणि आपल्याकडे बहुधा आयात करावे लागते. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या पीटमध्ये चुना वा खत मिसळलेले असल्यास ते मुळीच वापरू नये. पुण्यात महात्मा फुले मंडईसारख्या बाजारपेठेत नारळ व शहाळी बारमाही मिळतात. नारळाच्या सोडणातील काथ्या वेगळा केल्यावर उरणारा भुसा, म्हणजेच कोकोपीट, पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो. तिसऱ्या कसोटीत तो कमी पडतो, कारण त्याची आम्लता पीटपेक्षा बरीच सौम्य असते. प्रस्तुत लेखकाच्या मते महाविद्यालयीन प्रयोगासाठी हा उणेपणा चालण्याजोगा आहे; अंडी अधिक वेळा तपासून बुरशी आलेली तेवढी काढावीत.

पूर्वतयारी : भुशाचा खरा दोष म्हणजे त्यातील क्षार. सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवली गेली असल्यास क्षारांचे प्रमाण वाढते. म्हणून भुसा प्रथम चाळून लांब धागे काढावेत, रात्रभर भिजवावा आणि पाणी बदलत पुनःपुन्हा धुवावा. अखेरच्या धुण्यास ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे व त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहावेत. पांढरा गढूळपणा दिसल्यास क्लोराइड शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे. रसायनशास्त्र विभागाच्या साहाय्याने हे दहा मिनिटांत होते. त्यानंतर अर्धा तास उकळावे. उकळल्याने आतील हवा निघून भुसा तळाशी बसतो, रंग उतरतो आणि सूक्ष्म जीवही मरतात. पीट वापरायचे झाल्यासही उकळणे व धुणे चुकत नाही.

थंड झालेल्या भुशाचा तीन ते पाच सेंटिमीटर थर उभट डब्यात घालून डबा पेटीत ठेवावा. आठ-दहा दिवसांनी भुसा बारीक जाळीवर काढून हलकेच पिळावा. मुठीत दाबल्यास थेंब पडू नये, पण भुसा कोरडा भुरभुरीतही होऊ नये. तो हवेसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीवर प्रजातीचे नाव व दिनांक लिहावा आणि पिशवी सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. प्रजातीनुसार दीड ते तीन महिने वा अधिक काळ लागतो. अंड्यात डोळ्यांची सोनेरी कडी स्पष्ट दिसू लागली की थोडे गार पाणी घालावे. पिल्ले बहुधा काही तासांतच बाहेर पडतात.

पश्चिम घाटातील आपला स्थानिक किलीफिश, अ‍ॅप्लोचायलस लिनिएटस, यास मात्र ही खटपट लागत नाही. तो पाणवनस्पतींना चिकटणारी अंडी घालतो व ती पाण्यातच साधारण दोन आठवड्यांत फुटतात. विकासातील विराम दाखवायचा नसेल, तर वर्गासाठी हाच मासा अधिक योग्य होय.

वापरलेला भुसा टाकून देण्यापूर्वी पुन्हा उकळावा. त्यात राहून गेलेली परदेशी प्रजातीची अंडी वाळूनही जगू शकतात. ती मुठेत वा तिच्या ओढ्यांत पोहोचता कामा नयेत.