फटीतली वाळू गाडीचा भार कसा पेलते?

आज आपण अंगणातल्या पेव्हर ब्लॉकबद्दल बोलणार आहोत. खरं तर ब्लॉकबद्दल नाही, दोन ब्लॉकच्या मधल्या वाळूबद्दल.

आमचं घर बडोद्यात आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत ब्लॉक बसवलेत. गाडी धुताना मी प्रेशर पंपाचा झोत ब्लॉकवरही मारायचो. सगळं कसं चकचकीत दिसायचं! फटींतली वाळू त्याबरोबर वाहून जातेय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. फटी रिकाम्या झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "सिमेंटचं पाणी ओता, कटकटच नको." मी ओतलं. पुढच्याच पावसाळ्यात सिमेंटला तडे गेले, चाकाखालचे चार ब्लॉक खचले आणि त्या वरखाली झालेल्या कडेला अडखळून आई पडली. तिचं मनगट मोडलं. तेव्हा मी हा विषय नीट समजून घेतला.

ब्लॉक एकमेकांना चिकटवलेले नसतात. खाली जाडसर वाळूचा थर, मधे दोन ते चार मिलिमीटरची फट आणि फटीत बारीक वाळू. चाक एका ब्लॉकवर आलं, की ही घट्ट बसलेली वाळू घर्षणाने त्याचा भार शेजारच्या ब्लॉकवर देते. वाळू गेली, की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. तो डुगडुगतो, फटीतून पाणी सरळ खाली जातं आणि खालचा थर वाहून नेतं.

मग सिमेंट का नको? गाडीखाली ब्लॉक किंचित हलतातच. वाळू त्यांच्याबरोबर सरकते आणि पुन्हा बसते. सिमेंट ताठ असतं, ते तडकतं. तड्यांतून आत गेलेलं पाणी मात्र लवकर बाहेर पडत नाही. शिवाय एखादा ब्लॉक काढायचा झाला, तर शेजारचेही फोडावे लागतात.

आता घरच्या घरी काय करायचं ते सांगतो.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, फटीत एखादी काडी घालून बघा. ती एक सेंटिमीटरहून खोल गेली, तर वाळू भरायची वेळ झाली. आधी गवत मुळासकट उपटा. त्याचं बी बहुतेक वेळा वरून फटीतल्या धुळीत पडून रुजलेलं असतं, म्हणून ती धूळही खरवडून काढा. खचलेला ब्लॉक असेल तर तो उचला, खाली जाडसर वाळू घाला, ब्लॉक शेजाऱ्यांपेक्षा किंचित उंच ठेवा आणि रबरी हातोडीने ठोकून सपाटीला आणा.

फटीसाठी बारीक, धुतलेली वाळू घ्या आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. मातीची वाळू नको, तिच्यात गवत फोफावतं. समुद्राची तर नकोच, तिच्यातल्या मिठाने ब्लॉकवर पांढरे डाग येऊ शकतात. वाळू उन्हात खडखडीत वाळवा. ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते, आत पोकळी राहते. ब्लॉकही कोरडे हवेत.

वाळू पसरून खराट्याने तिरकी, फटींना आडवी झाडा. ब्लॉकवर लाकडी फळी ठेवून हातोडीने ठोका. वाळू खाली बसेल, पुन्हा भरा. दोन-तीन वेळा असं केलं, की फट भरते. वरचे तीन-चार मिलिमीटर रिकामे सोडा आणि उरलेली वाळू झाडून घ्या.

पुढे धुताना पंपाचा झोत फटीत सरळ मारू नका. तो तिरका आणि लांबून धरा. दिवाळीच्या झाडलोटीत पुन्हा एकदा काडी घालून बघा.

आमच्याकडे आता फाटकामागे वाळूची एक झाकलेली बादली कायम असते. आईचा हात बरा झालाय. फटीत काडी घालून बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय, आणि माझ्यावर तिचा भरवसा नाही, हे ती लपवतही नाही!

भेटू पुढच्या भागात.